जँगो प्रोजेक्टमधल्या टेस्ट्स: कुठे ठेवायच्या, आणि त्या खरंच चालतात ना हे कसं बघायचं

टेस्ट कशी लिहायची हे शिकवणारे लेख नवख्या माणसाला भरपूर मिळतात. पण टेस्ट लिहिली, ती चाललीच नाही, आणि टर्मिनल मात्र ‘ओके’ म्हणतंय, या प्रसंगाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फेल झालेली टेस्ट निदान आरडाओरडा तरी करते. न सापडलेली टेस्ट गप्प बसते, आणि तिच्या भरवशावर आपण निर्धास्त कोड बदलत राहतो. म्हणून इथे असर्ट, म्हणजे टेस्टमधल्या तपासणीच्या ओळी, कसे लिहावेत यात वेळ घालवत नाही. फायली कुठे ठेवायच्या, नावं काय द्यायची, आणि जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा रनर, म्हणजे टेस्ट्स शोधून चालवणारा भाग, त्या फायलींपर्यंत पोचतो कसा, एवढंच बघू.

कमांड आणि फायलींची नावं मी देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत करायची. कॅपिटल अक्षराने जिथे घोळ होतो ती जागा पुढे येईलच. उदाहरणासाठी ‘ऑर्डर्स’ नावाचं एक ॲप धरू.

पहिली टेस्ट, आणि ती मुद्दाम पाडणं

‘स्टार्टॲप’ कमांड दिली की ॲपच्या फोल्डरमध्ये टेस्ट्स.पीवाय नावाची फाइल आयती मिळते. तिच्यात टेस्टकेस इम्पोर्ट करणारी एक ओळ असते आणि ‘तुमच्या टेस्ट्स इथे लिहा’ अशा अर्थाची एक कॉमेंट. सुरुवातीला एवढं पुरतं. पहिल्याच दिवशी चार फोल्डर करून बसू नका.

टेस्टकेसवरून एक क्लास काढा, त्याला ‘ऑर्डरटोटलटेस्ट्स’ असं काहीतरी नाव द्या. आत एक मेथड लिहा: टेस्ट_डिस्काउंट_नेव्हर_बिलो_झिरो. शंभराच्या ऑर्डरवर दीडशेची सवलत लावा आणि एकूण रक्कम शून्य येते का ते तपासा. मग मॅनेज.पीवाय जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये उभे राहून कमांड द्या:

    पायथन मॅनेज.पीवाय टेस्ट

जँगो ४.० किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर सगळ्यात आधी ‘फाउंड १ टेस्ट(स)’ अशी ओळ दिसेल. मग टेस्टसाठीचा डेटाबेस तयार होईल, एक टिंब उमटेल, शेवटी ‘रॅन १ टेस्ट’ आणि ‘ओके’. टिंब म्हणजे पास, एफ म्हणजे फेल, ई म्हणजे तपासणी चुकली नाही, मधेच कोड कोसळला.

आता एक काम करा, आणि हे प्रत्येक नव्या फाइलच्या बाबतीत करायची सवय लावून घ्या. त्या मेथडमध्ये शून्याच्या जागी सात लिहा आणि पुन्हा चालवा. टर्मिनल लाल झालं पाहिजे. फेल झालेल्या टेस्टच्या नावापुढे कंसात तिचा पूर्ण पत्ता छापून येतो: ॲप, फाइल, क्लास. तो वाचा, आपलीच फाइल आहे ना बघा, मग सात खोडून शून्य करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मी टेस्ट लिहिली की आधी ती पाडतो; जी पडत नाही ती एकतर चालत नाही किंवा काही तपासत नाही.

रनर शोधतो कसा

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे बहुतेक घोळ यातूनच निघतात.

जँगो १.६ पर्यंत, म्हणजे २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत, हा मामला वेगळा होता. रनर सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीतून एकेक ॲप घ्यायचा आणि त्याच्या मॉडेल्स.पीवाय व टेस्ट्स.पीवाय या दोनच जागी टेस्ट्स शोधायचा. टेस्ट्सचा फोल्डर केला, तर त्याच्या इनिट फाइलमध्ये सगळे क्लास हाताने इम्पोर्ट करावे लागायचे. एखादा राहिला की राहिला. जुन्या प्रोजेक्टमध्ये अशा इम्पोर्टच्या लांबलचक ओळी अजूनही सापडतात. त्यांचा आता काही उपयोग नाही, काढून टाका. १.६ मध्ये ‘डिस्कव्हररनर’ आला आणि शोधायचं काम पायथनच्या स्वतःच्या ‘युनिटटेस्ट’ लायब्ररीकडे गेलं. म्हणजे आजचे शोधाचे नियम मुळात पायथनचे आहेत, जँगोचे नाहीत.

ते नियम म्हणजे एकाखाली एक लावलेल्या चाळण्या समजा. टेस्टला या सगळ्यांतून खाली यावं लागतं.

पहिली चाळणी जागेची. कमांड देताना तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथून शोध सुरू होतो. मॅनेज.पीवाय कुठे आहे याला महत्त्व नाही. एक पायरी वरून ‘पायथन प्रोजेक्ट/मॅनेज.पीवाय टेस्ट’ असं चालवलं की सेटिंग्ज नीट लोड होतात, एरर येत नाही, आणि टेस्ट्स मात्र शून्य सापडतात. का, ते दुसऱ्या चाळणीत कळतं.

दुसरी चाळणी फोल्डरची. ज्या फोल्डरमध्ये __इनिट__.पीवाय ही फाइल नाही, त्यात युनिटटेस्ट उतरतच नाही. नावाच्या आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर. बोलताना सगळे ‘इनिट फाइल’ म्हणतात. ती रिकामी असली तरी चालते, पण असायला हवी. पायथन ३.३ पासून इनिट नसलेल्या फोल्डरमधूनही इम्पोर्ट करता येतं, त्यामुळे ‘आता ही फाइल लागत नाही’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. इम्पोर्टपुरतं ते खरं आहे. टेस्ट शोधताना नाही.

तिसरी चाळणी फाइलच्या नावाची. नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हायला हवं आणि ‘.पीवाय’ने संपायला हवं. टेस्ट्स.पीवाय चालतं, टेस्ट_मॉडेल्स.पीवाय चालतं. मॉडेल्स_टेस्ट.पीवाय चालत नाही, आणि दुसऱ्या भाषेतून आलेली माणसं इथेच अडकतात. याच चाळणीत एक बारीक छिद्र आहे: नाव पायथनला मॉड्यूल म्हणून इम्पोर्ट करता येईल असं हवं. टेस्ट-ऑर्डर्स.पीवाय असा मधे हायफन टाकलात, तर फाइल मुकाट्याने वगळली जाते. इशारा नाही, काही नाही. अंडरस्कोरच वापरा.

उरलेल्या दोन सोप्या. क्लास ‘युनिटटेस्ट.टेस्टकेस’च्या वंशातला हवा (जँगोचा टेस्टकेस त्याच घराण्यातला आहे), आणि मेथडचं नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हायला हवं. क्लासचं नाव मात्र काहीही ठेवा, रनर त्याकडे बघत नाही.

‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ या साखळीत कुठेच नाही, हे लक्षात आलं का? यादीत नसलेल्या ॲपच्या टेस्ट्ससुद्धा शोधल्या जातात. त्यांनी मॉडेल इम्पोर्ट केलं की मग जँगो ‘हे मॉडेल कुठल्या ॲपचं?’ म्हणून अडतो. तो गोंगाट असतो, म्हणून त्याची मला भीती वाटत नाही. टेस्टच्या फाइलमध्ये इम्पोर्ट चुकला तरी असाच गोंगाट होतो: ‘फेल्ड टू इम्पोर्ट टेस्ट मॉड्यूल’ अशी एरर येते आणि ती फेल म्हणून मोजलीही जाते. चाळणीत अडकलेली फाइल मात्र मोजलीच जात नाही.

एका फाइलचा फोल्डर करताना

टेस्ट्स.पीवाय कधी फोडायची? माझं मत असं की हवी ती टेस्ट शोधायला तुम्ही फाइलमध्ये सर्च करायला लागलात की वेळ झाली. तीनशे ओळींच्या आसपास मला तसं व्हायला लागतं. तुमचा आकडा वेगळा असू शकेल.

फोडल्यानंतरची रचना साधारण अशी:

    ऑर्डर्स/
        __इनिट__.पीवाय
        मॉडेल्स.पीवाय
        फॉर्म्स.पीवाय
        व्ह्यूज.पीवाय
        टेस्ट्स/
            __इनिट__.पीवाय
            हेल्पर्स.पीवाय
            टेस्ट_मॉडेल्स.पीवाय
            टेस्ट_फॉर्म्स.पीवाय
            टेस्ट_व्ह्यूज.पीवाय

मूळ कोडच्या फाइलला जे नाव, तेच टेस्टच्या फाइलला, पुढे ‘टेस्ट_’ लावून. यात कल्पकता नाही, आणि नसावीच. फॉर्म्स.पीवाय बदलणाऱ्याला टेस्ट कुठे असेल हे विचारावं लागू नये. एका व्ह्यूच्याच टेस्ट्स खूप झाल्या, तर टेस्ट_चेकआउट_व्ह्यू.पीवाय अशी वेगळी फाइल काढा.

हेल्पर्सच्या नावापुढे ‘टेस्ट’ नाही, ते मुद्दाम. टेस्टसाठी खोटे ग्राहक, खोट्या ऑर्डर्स तयार करून देणारी फंक्शन्स तिथे राहतात. तिला टेस्ट_युटिल्स म्हटलंत तर रनर तीही टेस्टची फाइल समजून उघडतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

फोडण्याचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी, काहीही हलवायच्या आधी, टेस्ट्स चालवा आणि ‘फाउंड’पुढचा आकडा कागदावर लिहा. समजा ४१. मग फोल्डर करा, इनिट फाइल टाका, आणि टेस्ट्स.पीवाय ‘गिट एमव्ही’ने नव्या फोल्डरमध्ये टेस्ट_मॉडेल्स.पीवाय या नावाने हलवा. त्यानंतर तिच्यातला बाकीचा ऐवज दुसऱ्या फायलींत वाटा. हलवल्यावर ‘.मॉडेल्स’वरून केलेले इम्पोर्ट तुटतील, कारण आपण एक पायरी खाली गेलो. तिथे दोन टिंबं लागतात. मी टिंबांच्या भानगडीत न पडता ‘ऑर्डर्स.मॉडेल्स’ असा पूर्ण पत्ता लिहितो, म्हणजे पुढे फाइल पुन्हा हलली तरी इम्पोर्ट शाबूत राहतो. शेवटी पुन्हा चालवा. ४१ आले तर काम झालं. ४० आले तर एक टेस्ट कुठेतरी सांडली आहे, ती सापडेपर्यंत कमिट करू नका.

जुनी टेस्ट्स.पीवाय तशीच ठेवून शेजारी टेस्ट्स नावाचा फोल्डर केलात, तर एक चमत्कारिक एरर येते: ‘टेस्ट्स’ मॉड्यूल भलत्याच जागेवरून इम्पोर्ट झालं, ते ग्लोबली इन्स्टॉल केलेलं आहे का? नवखा माणूस मग पिप (पायथनची पॅकेजेस टाकायचं-काढायचं साधन) घेऊन काहीतरी अनइन्स्टॉल करत बसतो. तसं काही नसतं. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी असले की पायथन फोल्डरला मान देतो, आणि फाइल शोधायला आलेल्या युनिटटेस्टच्या हाती फोल्डर लागतो. जुनी फाइल काढा, प्रश्न मिटतो.

एकाहून अधिक ॲप्सना स्पर्श करणाऱ्या टेस्ट्स, जसं ग्राहकाने लॉगिन करून ऑर्डर दिली आणि ईमेल गेलं, कुठल्याच एका ॲपच्या नसतात. त्यांच्यासाठी मॅनेज.पीवायच्या शेजारी एक वेगळा फोल्डर करा. त्यातही इनिट फाइल लागते, हे सांगायला नकोच. काही टीम सगळ्याच टेस्ट्स अशा एका मुख्य फोल्डरमध्ये ठेवतात. चालतं, पण मला ते आवडत नाही: ॲप काढून टाकलं तरी त्याच्या टेस्ट्स मागे राहतात, आणि ॲपमध्ये बदल करणाऱ्याच्या नजरेसमोर त्या नसतात.

न आलेली इनिट फाइल

हे मी स्वतः केलेलं आहे. एका ॲपची टेस्ट्स.पीवाय अशीच फोडली. माझ्या मशीनवर आकडा बरोबर आला. कमिट करताना मात्र फायली एकेक न देता ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली एका फटक्यात ‘गिट ॲड’ केल्या. इनिट फाइलचं नाव ‘टेस्ट_’ने सुरू होत नाही. ती माझ्याकडेच राहिली.

सीआयवर, म्हणजे कोड पाठवला की टेस्ट्स आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, इनिट फाइल नाही, म्हणून रनर त्या फोल्डरमध्ये उतरला नाही. बाकीच्या ॲप्सच्या टेस्ट्स चालल्या, पास झाल्या, हिरवी खूण आली. रिव्ह्यू करणाऱ्यालाही दोष देता येत नाही. डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, दिसणारं सगळं बरोबर होतं, आणि जे नाही ते डिफमध्ये दिसत नसतं. पुढचे काही आठवडे त्या ॲपमध्ये बदल होत राहिले, आणि माझ्या मशीनवर मी फक्त ज्या फाइलवर काम करत होतो तेवढीच टेस्ट चालवत होतो.

मनात शंकेची पाल चुकचुकली ती भलत्याच कारणाने. सीआय नेहमीपेक्षा लवकर संपत होतं. आधी वाटलं, मशीन वेगवान दिलं असेल. मग ‘रॅन’ची ओळ बघितली, जुन्या लॉगशी ताडून पाहिली, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. इनिट फाइल टाकली, तर चार टेस्ट्स फेल. त्यातल्या तीन जुन्या अपेक्षेवर लिहिलेल्या होत्या. चौथीने खरा बग पकडला होता, फक्त तिला बोलायची संधी मिळाली नव्हती.

सापडली, तरी फसवते

सगळ्या चाळण्यांतून खाली आलेली टेस्टही गायब होऊ शकते. एकाच क्लासमध्ये एका नावाच्या दोन मेथड असतील, तर पायथन दुसरी ठेवतो आणि पहिली विसरतो. कॉपी-पेस्ट करून आतला मजकूर बदलला आणि नाव बदलायचं राहिलं की हे हमखास होतं. एका फाइलमध्ये एकाच नावाचे दोन क्लास असले तर अख्खा पहिला क्लास जातो. रफ किंवा फ्लेक८ सारखं लिंटर (कोड न चालवता चुका दाखवणारं साधन) हे पकडतं. टेस्टच्या फायली लिंटरमधून वगळायची पद्धत अनेक ठिकाणी असते, ती मोडा.

दुसरा सापळा ‘सेटअप’चा. मेथडचं नाव ‘सेटअप’ लिहिताना इंग्रजी यू कॅपिटल हवा. स्मॉल यू लिहिलात तर ती मेथड कुणीच बोलावत नाही. पायथनमध्ये सगळीकडे स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर, मग इथेच हा उंटाच्या पाठीसारखा वर-खाली कारभार का? युनिटटेस्ट ही लायब्ररी जावाच्या जेयुनिटवरून बेतलेली आहे आणि २००१ मध्ये, पायथन २.१ पासून, भाषेसोबत येते. जावाची नावं तशीच राहिली. असर्टइक्वल, सेटअप, टेअरडाउन ही सगळी त्या घरची मंडळी.

तिसरा प्रकार उलटा: हवी त्यापेक्षा जास्त वेळा चालणारी टेस्ट. समजा ‘बेसऑर्डरटेस्ट’ नावाचा क्लास टेस्टकेसवरून काढला, त्यात दोन टेस्ट मेथड लिहिल्या, आणि त्यावरून ऑनलाइन ऑर्डर व फोनवरची ऑर्डर असे दोन क्लास काढले. तुम्हाला चार टेस्ट्स अपेक्षित आहेत, चालतात सहा, कारण बेस क्लास स्वतःही टेस्टकेसच आहे. अनेकदा तो एकटा चालवला की फेल होतो, आणि मग लोक त्याला स्किप लावत बसतात. त्याऐवजी सामाईक मेथड एका साध्या मिक्सिनमध्ये, म्हणजे नुसत्या मेथड उधार देणाऱ्या क्लासमध्ये, ठेवा, जो टेस्टकेसवरून निघालेला नाही. त्यावरून काढलेल्या क्लासमध्ये आधी मिक्सिन, मग टेस्टकेस असा क्रम द्या.

कुठला टेस्टकेस घ्यायचा

यात फार खोल जात नाही, पण निवड चुकली की टेस्ट्स हळू होतात, आणि हळू टेस्ट्स लोक चालवत नाहीत.

डेटाबेस लागत नसेल, म्हणजे नुसतं एखादं फंक्शन किंवा टेम्प्लेटचा फिल्टर तपासायचा असेल, तर ‘सिंपलटेस्टकेस’. तो डेटाबेसकडे जाऊच देत नाही; चुकून क्वेरी केलीत तर टेस्ट फेल होते, ही सोयच आहे. डेटाबेस लागत असेल तर नेहमीचा ‘टेस्टकेस’. तो प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो आणि शेवटी सगळं मागे घेतो, त्यामुळे एका टेस्टने भरलेल्या ऑर्डर्स दुसरीला दिसत नाहीत. क्लासमधल्या सगळ्या टेस्ट्सना लागणारा डेटा ‘सेटअप टेस्ट डेटा’ या क्लास मेथडमध्ये भरा. ती क्लासमागे एकदाच चालते, सेटअप मात्र प्रत्येक टेस्टआधी.

एक खाच लक्षात ठेवा. ट्रान्झॅक्शन कधी कमिटच होत नाही, म्हणून ‘ऑन कमिट’वर, म्हणजे कमिट झाल्यावरच चालावा म्हणून, टांगलेला कोड टेस्टकेसमध्ये चालत नाही. ईमेल पाठवणं तिथे टांगलेलं असेल आणि टेस्टमध्ये ईमेल दिसत नसेल, तर कोड बरोबर असूनही तुम्ही तासभर डोकं धराल. जँगो ३.२ पासून यासाठी ‘कॅप्चर ऑन कमिट कॉलबॅक्स’ आहे. खरं कमिटच हवं असेल तर ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’, पण तो प्रत्येक टेस्टनंतर टेबलं रिकामी करतो, म्हणून हळू. जपून वापरा.

पायथनचा मूळ ‘युनिटटेस्ट.टेस्टकेस’ इम्पोर्ट करून डेटाबेसला हात लावू नका. भरलेलं तिथे तसंच राहतं. एडिटरची आपोआप इम्पोर्ट सुचवायची सोय अनेकदा हाच आधी सुचवते, म्हणून फाइलची पहिली ओळ वाचा.

हवी तेवढीच चालवायची

रचना नीट असली की तिचा फायदा इथे मिळतो. टेस्ट कमांडपुढे पत्ता देता येतो, आणि तो हवा तितका लांब: नुसतं ‘ऑर्डर्स’, किंवा ‘ऑर्डर्स.टेस्ट्स.टेस्ट_मॉडेल्स’, त्यापुढे टिंब देऊन क्लास, त्यापुढे मेथड. फेल झालेल्या टेस्टचा पत्ता टर्मिनलवरून उचलून तसाच चिकटवता येतो. पत्ता आठवत नसेल तर -के आणि नावाचा तुकडा: ‘-के डिस्काउंट’ म्हटलं की नावात डिस्काउंट असलेल्या सगळ्या चालतात.

हळू टेस्ट्सना ‘टॅग’ डेकोरेटरने ‘स्लो’ असं लेबल लावा आणि रोज --एक्स्क्लूड-टॅग=स्लो देऊन चालवा. सीआयवर मात्र सगळ्या चालू द्या. --कीपडीबी दिलं की टेस्टचा डेटाबेस दर वेळी नव्याने बांधला जात नाही; मायग्रेशन्स खूप असतील तर फरक लगेच जाणवतो. -व्ही २ दिलं तर टिंबांऐवजी प्रत्येक टेस्टचं नाव छापलं जातं. आपली टेस्ट सापडली का, या शंकेचं सरळ उत्तर तिथे मिळतं.

--पॅरललचा संबंध पुन्हा रचनेशी येतो. जँगो काम वाटतो ते क्लासप्रमाणे. एका क्लासच्या सगळ्या टेस्ट्स एकाच प्रोसेसकडे जातात. दोनशे टेस्ट्स एका अवाढव्य क्लासमध्ये कोंबल्या असतील, तर प्रोसेसर आठ असोत की सोळा, तो क्लास एकाच्याच गळ्यात. लहान क्लास ठेवा.

आणि आठवड्यातून एकदा --शफल. जँगो ४.० पासून तो टेस्ट्सचा क्रम पिसतो. एकमेकींवर टेकलेल्या टेस्ट्स असल्या की लगेच उघड्या पडतात. वापरलेला सीड, म्हणजे क्रम ठरवणारा आकडा, तो छापतो. तोच आकडा परत दिलात की तोच क्रम मिळतो, म्हणजे फेल पुन्हा घडवून बघता येतो.

पायटेस्टकडे जाताना

बरेच प्रोजेक्ट आज ना उद्या पायटेस्टकडे, म्हणजे टेस्ट्स चालवणाऱ्या एका वेगळ्या साधनाकडे, वळतात. पायटेस्ट-जँगो प्लगइन टाकलं, सेटिंग्ज कुठल्या ते सांगितलं, की जुन्या टेस्टकेसवाल्या टेस्ट्स तशाच चालतात. पण चाळणी बदलते. पायटेस्ट मुळात टेस्ट_ने सुरू होणाऱ्या किंवा _टेस्टने संपणाऱ्या फायलीच बघतो. जँगोने स्वतः तयार करून दिलेली टेस्ट्स.पीवाय यातल्या कशातच बसत नाही! फोडलेल्या ॲप्सच्या टेस्ट्स चालतात, न फोडलेल्यांच्या गळतात, आणि शेवटची ओळ हिरवी. पायटेस्टच्या सेटिंगमध्ये ‘पायथन फाइल्स’ या नावापुढे टेस्ट्स.पीवाय आणि टेस्ट_*.पीवाय दोन्ही लिहा. बदल करण्याआधी आणि नंतर --कलेक्ट-ओन्ली देऊन यादी काढा आणि ताडून बघा.

इनिट फाइल इथे शोधासाठी लागत नाही, तरी ठेवाच. दोन ॲप्समध्ये टेस्ट_मॉडेल्स.पीवाय असेल आणि इनिट नसेल, तर पायटेस्टला दोन्ही एकच वाटतात आणि तो ‘इम्पोर्ट फाइल मिसमॅच’ म्हणून थांबतो.

सीआयवरचा पहारा

शून्य टेस्ट्स सापडल्या तर पायटेस्ट ५ हा एक्झिट कोड (कमांड नीट संपली का ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे नीट) देतो, म्हणजे सीआय लाल होतं. जँगोचा रनर तसं करत नाही. पायथन ३.१२ पासून ‘ओके’ऐवजी ‘नो टेस्ट्स रॅन’ असं छापलं जातं खरं, पण मॅनेज.पीवायच्या लेखी एकही फेल नाही, म्हणून कोड शून्य आणि खूण हिरवी.

म्हणून मी सीआयच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी जास्तीच्या ठेवतो. टेस्ट कमांडचं आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, ‘रॅन’च्या ओळीतला आकडा काढायचा, आणि तो रिपॉझिटरीतल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी असेल तर एक्झिट १. ‘रॅन’ची ओळ स्टँडर्ड एररवर जाते, तेव्हा आउटपुट वळवताना दोन्ही धारा पकडा, नाहीतर फाइलमध्ये आकडा येणारच नाही. किमान आकडा दर टेस्टला वाढवत बसायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे. कुणी खरोखरच टेस्ट्स काढून टाकल्या, तर त्याला तो आकडा हाताने कमी करावा लागतो आणि तो बदल डिफमध्ये दिसतो. मग रिव्ह्यू करणारा विचारतो, का कमी केला.